बाहेरचा परीक्षक

२००५ सालच्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या एमआयटीच्या मेकॅनिकल इंजिनिअरिंग विभागातला एक विद्यार्थी टांझानियाला गेला. एमॉस विंटर त्याचं नाव. मास्टर्स नुकतंच हातावेगळं झालं होतं, पुढे पीएचडी करायची होती. टांझानियातल्या कामाचा पदवीशी काही संबंध नव्हता. तिथल्या लोकांना कशा व्हीलचेअर मिळतात, त्या कितपत कामाला येतात, हे बघून यायचं, एवढंच.

त्याने तिथे जे पाहिलं ते आपल्याकडेही कुठल्याही तालुक्यात दिसेल. नेहमीची व्हीलचेअर दवाखान्याच्या गुळगुळीत फरशीसाठी केलेली असते. चाकाची कडी हाताने ढकलायची आणि पुढे सरकायचं. फरशीवर ती सुरेख चालते. मातीच्या वाटेवर, वाळूत, चढावर मात्र थोड्याच अंतरात खांदे भरून येतात. दुसरा पर्याय हाताने पॅडल मारायच्या तीनचाकीचा. आपल्याकडे देवळाबाहेर, स्टेशनाबाहेर ती हमखास दिसते. रस्त्यावर ती चांगली पळते, पण तिचं धूड एवढं की घराच्या दारातून आत येत नाही. म्हणजे एका साधनाने घरात वावरता येतं पण गावात जाता येत नाही, आणि दुसऱ्याने गावात जाता येतं पण घरात शिरता येत नाही. खेड्यात राहणाऱ्या आणि चालता न येणाऱ्या माणसाची शाळा, नोकरी, बाजार, नातेवाईक सगळे त्या खडबडीत वाटेच्या पलीकडे असतात. जगभरात सुमारे २ कोटी माणसांना व्हीलचेअरची गरज आहे आणि ती त्यांच्याकडे नाही, असा अंदाज त्या काळी सांगितला जाई.

विंटर परत आला तेव्हा त्याला काय हवं ते नेमकं सांगता येत होतं. दिवसाला पाचेक किलोमीटर जाता यावं, आणि तेही चिखल, वाळू, चढ, डांबर अशा सगळ्या वाटांवरून. घरात आल्यावर नेहमीच्या खुर्चीसारखं वळता यावं. मोडली तर गावातल्या हत्यारांनी, गावातल्याच माणसाने दुरुस्त करता यावी. आणि हे सगळं २०० डॉलरच्या आसपास, म्हणजे तेव्हाच्या दराने साधारण नऊ हजार रुपयांत बसावं.

यंत्राशी ज्याचा संबंध आलाय त्याला यातली अडचण लगेच कळेल. यातली प्रत्येक अट दुसरीच्या मुळावर उठणारी आहे. ताकदवान करायला जावं तर खुर्ची मोठी होते. लहान करावी तर ती बाहेर लंगडी पडते. चढासाठी आणि सपाटीसाठी वेगवेगळे गिअर घालावेत, तर किंमत वाढते आणि खेड्यात ते दुरुस्त कोण करणार? पैशांची मर्यादा नसेल तर चांगलं यंत्र बरेच जण करतील. नऊ हजारांत करायचं म्हटलं की इंजिनिअरची खरी कसोटी लागते.

असल्या प्रश्नाच्या मागे लागलेल्या पोराला पुष्कळ ठिकाणी सांगितलं गेलं असतं की बाबा रे, आधी पीएचडी कर, समाजसेवा नंतर. या विभागात तसं झालं नाही, आणि त्याचं बरंचसं श्रेय एमी स्मिथ या बाईंना द्यायला हवं. त्या तिथल्याच मेकॅनिकलच्या विद्यार्थिनी. पदवीनंतर पीस कोअर या अमेरिकेच्या स्वयंसेवक योजनेतून आफ्रिकेत बोट्स्वानाला गेल्या आणि परत येऊन पुन्हा इंजिनिअरिंगकडे वळल्या ते तिथल्या बायकांचं दळण डोक्यात घेऊन. गावातल्या हॅमर मिलला, म्हणजे धान्य ठोकून पीठ करणाऱ्या गिरणीला, आत एक बारीक जाळी असते. ती फाटली की गिरणी बंद, कारण तशी जाळी गावात होत नाही, बाहेरून मागवावी लागते. स्मिथबाईंनी जाळीच काढून टाकली आणि हवेच्या झोताने पीठ वेगळं होईल अशी गिरणी केली. गावातला लोहार ती बनवू शकेल अशी. २००० साली त्यांना विद्यार्थ्यांसाठीचं लेमेल्सन-एमआयटी पारितोषिक मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. २००२ मध्ये त्यांनी एक अभ्यासक्रम सुरू केला, तो पुढे डी-लॅब म्हणून जगभर माहीत झाला. विद्यार्थ्यांनी आधी वर्गात शिकायचं, मग ज्यांच्यासाठी वस्तू करायची त्यांच्या गावात जाऊन राहायचं, आणि त्यांच्याबरोबर बसून ती करायची.

याच वातावरणात विंटरने २००७ च्या सुमारास व्हीलचेअरच्या रचनेवर एक वर्ग सुरू केला. स्वतः विद्यार्थी, तरी शिकवायला उभा राहिला. पदवीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं वर्गात यायला लागली. त्याचा पीएचडीचा विषय मात्र अगदी निराळा होता. रेझर क्लॅम नावाची एक शिंपली समुद्रतळाच्या वाळूत फार कमी श्रमात खोल शिरते. आपली शिंपं झटक्यात मिटून ती भोवतालची वाळू पातळ करून घेते. ही युक्ती यंत्रात आणायचं संशोधन तो प्राध्यापक अ‍ॅनेट होसोई यांच्या हाताखाली करत होता. एकीकडे शिंपली, दुसरीकडे खुर्ची. दोन्ही कामं एकाच विभागात आणि एकाच माणसाच्या हातून चालली होती. संशोधन आणि उपयोग यांचं वैर असतं असं मानणाऱ्यांनी हे मुद्दाम ध्यानात घ्यावं.

खुर्चीचं कोडं सुटलं ते शाळेत शिकलेल्या तरफेने. पहारीने दगड उचकटताना आपण हात टोकाला धरतो, हे कुणाला शिकवावं लागत नाही. विंटरने खुर्चीच्या दोन्ही बाजूंना एकेक उभा दांडा बसवला. दांड्याच्या बुडाशी सायकलची दातेरी चकती, तिच्यावर चेन, आणि चेनच्या दुसऱ्या टोकाला चाकावर फ्रीव्हील. दांडा पुढे ढकलला की चेन ओढली जाते आणि चाक फिरतं. दांडा मागे घेताना फ्रीव्हील सायकलीसारखंच टिकटिक करत मोकळं सुटतं. दांडा आणखी मागे खेचला की ब्रेक लागतो.

यात गिअर कुठे आहेत? ते हातात आहेत. चढ आला, चिखल लागला, की हात दांड्यावर वर सरकवायचा. दांड्याची लांबी वाढली, तितकाच जोर लावून चाकावर जास्त टॉर्क मिळाला. सपाट रस्ता आला की हात खाली घ्यायचा. आता हाताच्या एका ढकलीत दांडा जास्त अंशातून फिरतो, चाक जास्त फिरतं, वेग वाढतो. वरची पकड आणि खालची पकड यांत साधारण तिप्पट फरक पडतो. गिअर बदलायची यंत्रणा म्हणून जे काही महागडं आणि नाजूक बसवावं लागलं असतं, ते सगळं माणसाच्या दंडाने आणि मेंदूने करून टाकलं. घरात आलं की दोन्ही दांडे उपसायचे, खुर्चीच्या सांगाड्यात खोचायचे, आणि चाकांच्या कड्या ढकलत नेहमीसारखं फिरायचं. फिरणारे भाग सगळे सायकलचे, आणि सायकल दुरुस्त करणारा माणूस नाही असं गाव जगात शोधून सापडणं कठीण. लिव्हरेज्ड फ्रीडम चेअर असं तिचं नाव ठेवलं.

कागदावर आणि प्रयोगशाळेत आकडे उत्तम आले. नेहमीच्या व्हीलचेअरपेक्षा सपाटीवर सुमारे ८० टक्के जास्त वेग, आणि खडबडीत जागी सुमारे ५० टक्के जास्त टॉर्क. एखाद्या विभागाला वार्षिक अहवालात छापायला यापेक्षा चांगलं काय हवं?

मग खुर्च्या पूर्व आफ्रिकेत गेल्या. टांझानिया, केनिया, युगांडा इथल्या वापरणाऱ्यांना त्या काही महिन्यांसाठी दिल्या. मूळ रचनेतही तिथल्या व्हीलचेअर बनवणाऱ्यांचा सल्ला घेतलेला होताच, आणि त्यातले कित्येक जण स्वतः व्हीलचेअरवर बसणारे होते. सल्ला देणं वेगळं आणि रोज सकाळी त्या खुर्चीत बसून दिवस काढणं वेगळं. काही महिन्यांनी विंटर आणि त्याची मंडळी पुन्हा जाऊन विचारायला लागली. बाहेर खुर्ची फार चांगली चालते, हे लोकांनी मान्य केलं. घरात मात्र ती निकामी, हेही स्पष्ट सांगितलं. वजन जास्त, रुंदी जास्त, दारातून जाताना अडचण, वळवताना त्रास.

इथे क्षणभर थांबायला हवं. जिथे चूक निघाली ती अट विंटरच्या यादीत पहिल्या दिवसापासून होती. घरात वावरता यावं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि त्याच्या विद्यार्थ्यांनाही. माहीत असूनही ते यंत्रात पुरतं उतरलं नाही. प्रयोगशाळेतली मोजमापं सगळी घराबाहेरच्या कामगिरीची होती, कारण नावीन्य तिथे होतं. घरातलं वळणं हा काही शोधनिबंधाचा विषय नव्हता. वापरणाऱ्याला निबंधाशी देणंघेणं नाही. त्याला चूल, खाट, दार आणि मोरी यांच्यामधून जायचं असतं.

या लोकांना शिकलेले तज्ज्ञ म्हणता येणार नाही, आणि त्यांच्या तक्रारींना उत्तरं देणं सोपं होतं. आपण म्हणू शकलो असतो की तुमची दारं अरुंद आहेत, त्याला आम्ही काय करणार. म्हणू शकलो असतो की चांगल्या गोष्टीसाठी थोडी सवय करून घ्यावी लागते. कितीतरी योजनांमध्ये, कितीतरी खात्यांमध्ये हेच म्हटलं जातं. विंटरच्या मंडळींनी तक्रार जशीच्या तशी उचलली आणि ड्रॉइंग बोर्डावर नेली. खुर्ची हलकी केली, अरुंद केली, मापाने नेहमीच्या व्हीलचेअरच्या बरोबरीला आणली. दांड्याची मूळ कल्पना तशीच राहिली, बाकी बरंच बदललं. ही दुसरी खुर्ची मध्य अमेरिकेत ग्वाटेमालाला गेली. आता घरातल्या वापराची तक्रार मागे पडली. २०१० साली तिला आर अँड डी १०० हा पुरस्कार मिळाला, तो दरवर्षी जगातल्या शंभर नव्या तंत्रांना दिला जातो. विभागाच्या यशाच्या नोंदीत तो आहे आणि असायलाच हवा.

त्यानंतरचा मुक्काम भारत, आणि भारतात जयपूर. तिथली भगवान महावीर विकलांग सहायता समिती या चाचणीत सोबतीला होती. ती १९७५ साली डी. आर. मेहता यांनी सुरू केली. जयपूर फूट हा कृत्रिम पाय लाखो लोकांपर्यंत नेणारी हीच संस्था. मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन अपघातात पाय गेल्यावर ज्या पायावर पुन्हा नाचल्या, तो जयपूर फूट. त्याची जन्मकथाही याच जातीची आहे. डॉ. प्रमोद करण सेठी शल्यविशारद, आणि रामचंद्र शर्मा हे हातात कला असलेले कारागीर. परदेशी धर्तीचे कृत्रिम पाय बुटात घालायचे असत. आपल्या माणसाला अनवाणी चालायचं असतं, उकिडवं बसायचं असतं, मांडी घालायची असते, पाण्याने भरलेल्या वाफ्यात उतरायचं असतं. डॉक्टरांनी पाय बसवून द्यायचे आणि रोग्यांनी ते कोपऱ्यात टाकून कुबड्या घ्यायच्या, असं चालायचं. रबराचा, लवचीक, मातीत आणि पाण्यात टिकणारा पाय झाला तेव्हाच तो लोकांनी अंगावर ठेवला. शरीरशास्त्र डॉक्टरांकडे होतं, रबर आणि साच्याचं ज्ञान शर्मांकडे होतं, आणि काय चाललं नाही हे ज्ञान रोग्यांकडे होतं. तिघांपैकी एक जरी वगळला असता तरी तो पाय झाला नसता.

भारतातल्या चाचणीतली एक हकीकत विंटरने स्वतः व्याख्यानात सांगितली आहे. एक शिंपी होता. झाडावरून पडला, मणक्याला मार बसला, पाय गेले. दुकान घरापासून किलोमीटरभरच लांब, पण वाट अशी की नेहमीच्या व्हीलचेअरवरून तिथवर जाता येईना. हात शाबूत होते, अंगात कसब होतं, दुकानही होतं, फक्त मधला एक किलोमीटर पार होत नव्हता. तेवढ्यासाठी माणूस घरात बसून होता. नवी खुर्ची मिळाल्यावर त्याने एक दिवस घरी विश्रांती घेतली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः दांडे मारत दुकान गाठून ते उघडलं. पुढे थोड्याच दिवसांत त्याला शाळेच्या गणवेशांचं काम मिळालं. घर पुन्हा त्याच्या कमाईवर चालायला लागलं.

आर अँड डी १०० च्या परीक्षकांनी खुर्चीला दिलेले गुण मोलाचे आहेत. माझ्या मते या शिंप्याने दिलेला निकाल त्याहून मोठा, कारण त्याच्याकडे खुर्ची परत करायचा पर्याय होता. नको असलेली खुर्ची आडबाजूला टाकून द्यायला कुणाची परवानगी लागत नाही.

विंटरच्या त्या वर्गातल्या विद्यार्थ्यांचं पुढे काय झालं, हेही सांगण्यासारखं आहे. टिश स्कॉल्निक, मारिओ बोलिनी, बेन जज ही मुलं वर्गात खुर्चीची रचना शिकायला आली होती. पदवीनंतर त्यांनी तेच काम धरलं आणि ग्रिट नावाची कंपनी उभी केली. अमेरिकेतल्या लोकांनी खुर्ची पाहिल्यावर तिथूनही मागणी आली. चालता न येणाऱ्यांना तिथेही गवतावर जायचं असतं, जंगलातल्या पायवाटेने मित्रांबरोबर फिरायचं असतं, आणि तिथल्या महागड्या खुर्च्याही फरशीसाठीच केलेल्या. आफ्रिकेतल्या वाटेसाठी नऊ हजारांची मर्यादा सांभाळून काढलेली युक्ती श्रीमंत देशातल्या माणसाच्याही कामी आली. ज्या मुलांनी वर्गात खुर्चीची रचना शिकली, त्यांनीच ती तिथल्या बाजारात आणली. विद्यार्थ्यांचं यश म्हणून मला हेच सांगावंसं वाटतं.

२०१२ मध्ये विंटर त्याच विभागात प्राध्यापक झाले. आता त्यांची गोष्ट आपल्या खानदेशात येते.

त्यांच्या विद्यार्थिनी नताशा राइट पाण्याच्या शुद्धीकरणावर काम करायला भारतात आल्या. पाण्यातले जंतू मारणारी साधनं आणि त्यांवर काम करणारे लोक पुष्कळ होते. राइट गावोगावच्या बायकांशी बोलल्या तेव्हा त्यांना निराळीच तक्रार ऐकू आली. पाणी खारट लागतं. भारताच्या सुमारे ६० टक्के भागाखालचं भूजल कमीअधिक खारं आहे, आणि जंतू मारले तरी खारेपणा जात नाही. पाण्याची चव आवडली नाही तर घरातलं शुद्धीकरणाचं यंत्र कितीही शुद्ध पाणी देत असलं तरी बाई ते घरच्यांना पाजणार नाही. चवीची गोष्ट शास्त्रज्ञाने हसण्यावारी नेली असती तर संशोधनाची दिशाच चुकली असती. राइट आणि विंटर यांनी मीठ काढण्यावर भर दिला. त्यासाठी सौर विजेवर चालणारी इलेक्ट्रोडायलिसिसची पद्धत घेतली. यात विजेच्या ओढीने मिठाचे आयन पडद्यांमधून बाजूला खेचले जातात. नेहमीच्या आरओमध्ये बरंच पाणी वाया जातं. या पद्धतीत कमी खारं पाणी असेल तर ९० टक्क्यांच्या आसपास पाणी हाती लागू शकतं. ज्या गावात विहीरच उन्हाळ्यात तळाला जाते तिथे हा फरक किती मोठा, हे मराठवाड्यातल्या आणि विदर्भातल्या वाचकाला सांगायला नको.

या कामात जळगावची जैन इरिगेशन त्यांच्या बरोबर होती. भवरलाल जैन यांनी उभी केलेली, ठिबक सिंचनाने शेतकऱ्यांच्या घरोघर पोचलेली ही कंपनी. २०१५ साली यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदतसंस्थेच्या डिसाल प्राइझ स्पर्धेत न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डोला चाचण्या झाल्या, आणि एमआयटी आणि जैन इरिगेशनच्या चमूने १ लाख ४० हजार डॉलरचं पहिलं पारितोषिक पटकावलं. त्याच जोडीने पुढे ठिबकच्या ड्रिपरवरही काम झालं. पाण्याचा दाब कमी असला तरी थेंब सारखे पडावेत, म्हणजे पंपाला वीज कमी लागेल आणि लहान सौर पंपावरही ठिबक चालेल, असा त्यातला विचार. बिल भरणारा आणि रात्री-अपरात्री मोटर चालू करायला जाणारा शेतकरी समोर ठेवल्याशिवाय असा प्रश्न सुचत नाही.

हे सगळं परदेशी विद्यापीठाच्या पैशांमुळे होतं असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी मद्रासकडे पाहावं. तिथल्या आयआयटीच्या मेकॅनिकल विभागात प्राध्यापक सुजाता श्रीनिवासन यांनी आर२डी२ नावाचं केंद्र चालवलं आहे. दिव्यांगांसाठी साधनं हाच त्यांचा अभ्यासविषय. बसल्या जागेवरून उभं करणारी अराइज ही व्हीलचेअर तिथली. नियोफ्लाय ही मापाप्रमाणे बेतलेली खुर्चीही तिथलीच. तिला नियोबोल्ट हा विजेवर चालणारा जोड लावला की ती तासाला २५ किलोमीटरपर्यंत रस्त्यावर पळते. तिथल्या विद्यार्थ्याने त्यातून नियोमोशन ही कंपनी काढली. २०२२ मध्ये आलेला कदम हा कृत्रिम गुडघा १६० अंशांपर्यंत वाकतो. एवढं वाकायची गरज काय, असं एसी खोलीत बसून वाटू शकतं. आपल्या बसमध्ये दोन सीटच्या मधे पाय आखडून ज्याने प्रवास केलाय, तो ते विचारणार नाही.

आता आपल्या महाविद्यालयांविषयी. महाराष्ट्रात मेकॅनिकलला दरवर्षी हजारो मुलं असतात आणि त्यांच्यात कसब भरपूर आहे. बाहा किंवा सुप्रा या विद्यार्थ्यांच्या स्पर्धांसाठी गाडी करणारी मुलं मी पाहिली आहेत. रात्र रात्र वर्कशॉपमध्ये काढतात, लेथवर स्वतः काम करतात, पिथमपूरच्या ट्रॅकवर गाडी बंद पडली की हुंदके देऊन रडतात आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहतात. ही जिद्द कुठल्याही देशातल्या मुलांपेक्षा कमी नाही. त्याच इमारतीत शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्टही होतात. त्यातले कित्येक बाजारातून आयते आणलेले असतात, कित्येक ओरल झाल्यावर गोदामात जातात, आणि ज्याच्या नावाने ते केले, तो शेतकरी, तो हमाल, ती भाजीवाली त्यांना हात लावत नाही. "शेतकऱ्यांसाठी कमी खर्चातलं पेरणी यंत्र" अशा नावाचे प्रोजेक्ट वर्षानुवर्षं होतात आणि पेरणीच्या दिवसांत ते एकाही शेतात दिसत नाहीत. यात मुलांचा दोष मला कमी दिसतो. त्यांना गुण देणारा एक्स्टर्नल दुसऱ्या महाविद्यालयातून येतो, अहवालाचं बाइंडिंग बघतो, दोन सूत्रं विचारतो आणि जातो. प्राध्यापकांनाही मूल्यांकनाच्या फायलींसाठी छापील निबंधांचे आकडे हवे असतात. यंत्र ज्याच्या घरी जायचं त्याचं मत कुठल्याच रकान्यात भरावं लागत नाही.

म्हणून मेकॅनिकलच्या विभागप्रमुखांना माझी एक विनंती आहे. येत्या वर्षी निदान एका गटाच्या ओरलला टेबलाच्या त्या बाजूला आणखी एक खुर्ची ठेवा. पेरणी यंत्र असेल तर तिथे शेतकरी बसवा, हातगाडी असेल तर मार्केट यार्डातला हमाल, व्हीलचेअर असेल तर तिच्यावर फिरणारी बाई. त्यांना ओरलच्या आदल्या दिवशी बोलावू नका, आधी महिनाभर यंत्र त्यांच्या घरी राहू द्या. त्यांच्या जाण्यायेण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी विभागाने द्यावी. शंभरातले वीस गुण त्यांच्या हातात ठेवा, आणि त्यांनी नापास केलं तर मुलांना यंत्र सुधारायला आणखी एक सत्र द्या. विद्यापीठाचे नियम बाह्य परीक्षकाची पात्रता ठरवतात हे मला ठाऊक आहे. अंतर्गत गुणांमधले वीस गुण मात्र विभागाच्याच अखत्यारीत असतात. तेवढ्यापासून सुरुवात करायला कुणाच्याही सहीची वाट पाहावी लागत नाही.